कुंभकोणमची परीक्षा: एक नापास विद्यार्थी आणि विद्युत-संगणक अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम

दरवर्षी २२ डिसेंबरच्या सुमारास कावेरीकाठच्या कुंभकोणम या देवळांच्या गावी संख्या सिद्धांतावर काम करणारे गणिती जमतात. निमित्त असते सास्त्र रामानुजन पुरस्काराचे. २००५ पासून तो दिला जातो. रक्कम १० हजार डॉलर, आणि अट अशी की विजेत्याचे वय ३२ वर्षांहून अधिक असू नये, कारण श्रीनिवास रामानुजन यांना आयुष्यच तेवढे लाभले. राष्ट्रीय गणित दिनाच्या बातम्यांत या पुरस्काराला चार ओळी मिळतात. ज्या आवारात हा सोहळा होतो, त्याच्याविषयी मात्र सहसा कोणी लिहीत नाही. सास्त्र विद्यापीठाचे कुंभकोणम येथील ‘श्रीनिवास रामानुजन सेंटर’ हे प्रामुख्याने पदवीचे शिक्षण देणारे आवार आहे, आणि तेथे येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांचे ध्येय संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्समधील बी.टेक. हे असते. ज्या गावात रामानुजन पदवीच्या पहिल्याच पायरीवर अडखळले, त्या गावात त्यांच्याच नावाच्या आवारातून आज अभियंते पदवी घेऊन बाहेर पडतात. या अभियंत्यांनी चार वर्षांत काय शिकावे, हे कोणी आणि कशासाठी ठरवले, याचा इतिहास त्या अडखळण्याशी वाटते त्याहून अधिक जोडलेला आहे.

आधी ते अडखळणे. रामानुजन यांनी १९०३ अखेरीस टाउन हायस्कूलमधून मॅट्रिक केले आणि १९०४ मध्ये कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात सुब्रह्मण्यम शिष्यवृत्तीसह प्रवेश घेतला. हे महाविद्यालय साधे नव्हते. विल्यम आर्चर पोर्टर यांच्यासारख्या प्राचार्यांनी त्याला असा लौकिक मिळवून दिला होता की लोक त्याला ‘दक्षिण भारताचे केंब्रिज’ म्हणत. एफ.ए. या परीक्षेच्या अभ्यासक्रमात इंग्रजी, गणित, संस्कृत, शरीरक्रियाशास्त्र आणि ग्रीक-रोमन इतिहास असे विषय होते, आणि उत्तीर्ण होण्यासाठी सगळ्याच विषयांत उत्तीर्ण होणे आवश्यक होते. रामानुजन गणितात बुडालेले होते. इंग्रजीत ते मागे पडले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये ते घर सोडून विशाखापट्टणमच्या दिशेने निघून गेले. पुढे मद्रासच्या पचयप्पा महाविद्यालयात त्यांनी पुन्हा प्रयत्न केला; १९०६ मध्ये आणि १९०७ मध्ये ते एफ.ए.ला पुन्हा नापास झाले. तेथे शरीरक्रियाशास्त्र हा विषय आडवा आला.

ही गोष्ट सांगताना सारा दोष ‘निर्बुद्ध’ परीक्षापद्धतीवर टाकण्याचा प्रघात आहे. गॉडफ्रे हार्डी यांनीही त्या ताठर शिक्षणव्यवस्थेवर कठोर टीका केली. परंतु या कथेत एक विसंगती आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. रामानुजन यांना ज्या पुस्तकाने घडवले, ते जॉर्ज कार यांचे सुमारे ५ हजार प्रमेये व सूत्रे एकापाठोपाठ मांडणारे ‘सिनॉप्सिस’, हे मुळात परीक्षेच्या शिकवणीतूनच जन्मलेले पुस्तक होते. कार हे केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेसाठी विद्यार्थी तयार करणारे खासगी शिक्षक. त्यांच्या पुस्तकात सिद्धता जवळजवळ नाहीतच. त्यामुळे प्रत्येक सूत्र वाचकाने स्वतःच सोडवून पाहावे लागते. एका देशातील परीक्षेची गाइड दुसऱ्या देशातील मुलाच्या हाती स्वतंत्र संशोधनाचे साधन बनली. तेव्हा विषयांची यादी किंवा पुस्तक हे आपोआप चांगले वा वाईट ठरत नाही. त्या यादीभोवती कोणता नियम उभा आहे आणि विद्यार्थ्याला एखाद्या ठिकाणी थांबून खोल जाण्याची मुभा आहे की नाही, यावर बरेच अवलंबून असते. एफ.ए.च्या यादीत शरीरक्रियाशास्त्र असणे हा गुन्हा नव्हता. त्या एका विषयापायी गणिताचे सारे दार बंद होणे हा होता.

रामानुजन यांना पुढे आधार देणाऱ्यांत अभियंते होते, हेही ध्यानात घ्यावे. १ मार्च १९१२ रोजी ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून म्हणून लागले. पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग हे रेल्वेतून आलेले अभियंता. मद्रासच्या इंजिनिअरिंग कॉलेजात स्थापत्य शिकवणारे प्राध्यापक सी. एल. टी. ग्रिफिथ यांनी स्प्रिंग यांना कळवले की तुमच्या कचेरीतला हा हिशेबनीस फार उच्च दर्जाचा गणिती आहे, काही व्यवस्था होईपर्यंत त्याला सांभाळा. आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील एम. जे. एम. हिल यांच्याकडे त्याचे काम पाठवले. हिल यांनी उणिवा दाखवल्या, अनंत श्रेणींवरील ब्रॉमविच यांचे पुस्तक वाचण्यास सुचवले. १६ जानेवारी १९१३ चे हार्डींना लिहिलेले प्रसिद्ध पत्र त्यानंतरचे. ग्रिफिथ यांना स्वतःला ते गणित पारखता येत नव्हते. परंतु आपल्याला न कळणारे गणित मौल्यवान असू शकते, हे त्यांना कळत होते. अभियंत्याच्या शिक्षणात ही जाण कोठून येते, हा पुढचा प्रश्न आहे.

ग्रिफिथ ज्या महाविद्यालयात शिकवत, तेथे त्या वेळी विद्युत अभियांत्रिकीची पदवीच नव्हती. मद्रासची ही संस्था १७९४ च्या सर्वेक्षण शाळेतून वाढलेली. रुडकी (१८४७), पुणे (१८५४) आणि मद्रास येथील जुन्या अभियांत्रिकी संस्थांचे ध्येय सरळ होते: सार्वजनिक बांधकाम खात्याला रस्ते, कालवे, पूल बांधणारी माणसे हवी होती. अभ्यासक्रमही त्याच मापाने कापलेला. विजेला त्यात जागा नव्हती, कारण खात्याला विजेची गरज नव्हती.

विजेचे कुतूहल मात्र या भागात फार जुने होते, आणि त्याचा मराठी इतिहासाशी थेट संबंध आहे. कुंभकोणमपासून सुमारे ४० किलोमीटरवर तंजावर. तेथे भोसले घराण्याचे राजे दुसरे सरफोजी (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांच्या ग्रंथालयात आलेल्या युरोपीय पाहुण्यांनी हस्तिदंती सांगाडा, हवेचा पंप, खगोलशास्त्राची उपकरणे आणि विद्युत्‌यंत्र पाहिल्याची नोंद आहे. ते यंत्र घर्षणाने ठिणग्या पाडणारे. त्याने दिवा लागत नसे की चाक फिरत नसे. मायकेल फॅरडे यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला तो ऑगस्ट १८३१ मध्ये, आणि सरफोजी राजे मार्च १८३२ मध्ये निवर्तले. म्हणजे ज्या शोधावर जनित्र, रोहित्र आणि मोटार हा विद्युत अभियांत्रिकीचा सगळा संसार उभा आहे, तो राजांच्या अखेरच्या महिन्यांतला. दरबारी कुतूहल म्हणून वीज आणि व्यवसाय म्हणून वीज यांच्यात पुढे पन्नास वर्षांचे अंतर पडले.

ते अंतर प्रथम युरोप-अमेरिकेत भरून निघाले. १८८२ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथे विद्युत अभियांत्रिकीचे जगातील पहिले अध्यासन निर्माण झाले व एरास्मुस किटलर त्यावर आले. त्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीने विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू केला. पण तो भौतिकशास्त्र विभागात. वेगळा विभाग व्हायला १९०२ उजाडले. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा तपशील जरूर लक्षात ठेवावा: विद्युत अभियांत्रिकी ही भौतिकशास्त्राच्या घरात वीस वर्षे राहून बाहेर पडलेली शाखा आहे, आणि बाहेर पडल्यावर तिने घराशी संबंध बराच काळ तोडलाच होता.

भारतात १९११ च्या सुमारास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आल्फ्रेड हे यांच्या हाताखाली विद्युत तंत्रशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. १९१९ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाने यंत्र आणि विद्युत यांची एकत्रित पदवी काढली. मद्रासला १९३० मध्ये विद्युत अभियांत्रिकी आली. ही तारीख योगायोगाची नाही. निलगिरीतील पायकारा जलविद्युत प्रकल्प तेव्हा उभा राहत होता आणि मद्रास सरकारचे वीज खाते नुकतेच जन्मले होते. इकडे मुंबई इलाख्यात टाटांच्या खोपोली केंद्राची वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळत होती. म्हणजे आधी धरण, मग तारा, मग त्या तारा सांभाळणारी माणसे आणि शेवटी त्या माणसांसाठी पदवी, असा क्रम. अभ्यासक्रमही तसाच: एकदिश व प्रत्यावर्ती प्रवाहाची यंत्रे, रोहित्रे, वहन आणि वितरण. गणित लागेल तेवढे, भौतिकशास्त्र त्याहून कमी. दुसऱ्या महायुद्धाने रेडिओचे महत्त्व शिकवले, तेव्हा १९४५ मध्ये मद्रासला दूरसंचार ही शाखा निघाली. प्रत्येक वेळी यंत्र पुढे आणि पदवी मागे.

या क्रमाला पहिला मोठा धक्का रडारने दिला. एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत युद्धकाळात रडारवर जे काम झाले, त्याचे नेतृत्व मुख्यतः भौतिकशास्त्रज्ञांकडे होते. मॅक्सवेलची समीकरणे, सूक्ष्मलहरी, गोंगाटाची संख्याशास्त्रीय गणना, यांपैकी कशाचेही पुरेसे शिक्षण बहुतेक विद्युत अभियंत्यांना मिळालेले नव्हते. स्टॅनफर्डचे फ्रेडरिक टर्मन यांच्यासारख्या विद्युत अभियंत्यांना ही गोष्ट फार लागली. आपल्याच क्षेत्रात आपल्याला दुय्यम जागा मिळाली, याचे कारण त्यांना अभ्यासक्रमात दिसले. १९५५ च्या ग्रिंटर अहवालाने अभियांत्रिकीचा पाया विज्ञानावर हवा, ही भूमिका अमेरिकेत रूढ केली. कार्यशाळेतले तास घटले; अवकल समीकरणे, विद्युतचुंबकीय क्षेत्र सिद्धांत, घन अवस्थेचे भौतिकशास्त्र यांचे वाढले. आजचा इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी ज्या ‘फील्ड थिअरी’च्या पेपरला घाबरतो, तो पेपर अभ्यासक्रमात मानाने बसला तो या अपमानातून.

भारतात ही विचारसरणी कानपूरच्या आयआयटीमार्गे आली. नऊ अमेरिकी विद्यापीठांच्या सहकार्याने (१९६२ ते १९७२) घडलेल्या या संस्थेत १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक पोहोचला. व्ही. राजारामन आणि एच. एन. महाबला यांसारखे प्राध्यापक त्यावर प्रोग्रॅमिंग शिकवू लागले. संगणक तेव्हा स्वतंत्र शाखा नव्हता. विद्युत अभियांत्रिकीच्या एम.टेक.मधला तो एक पर्याय होता. संगणकशास्त्रातील बी.टेक. कानपूरला सुरू झाले १९७८ च्या सुमारास. अमेरिकेतही हीच घालमेल चालू होती. संगणक हा विद्युत विभागाचा की गणिताचा? विद्युत अभियंत्यांनी १९६५ मध्ये यासाठी कोसाइन नावाची समितीच नेमली, आणि एमआयटीने १९७५ मध्ये विभागाचे नाव ‘विद्युत अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र’ असे केले. एकीकडे ट्रान्झिस्टर, दुसरीकडे अल्गोरिदम. दोन्ही एकाच छपराखाली ठेवायचे तर चार वर्षांत कोणाला किती जागा द्यायची, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

तंजावर भागात ही शाखा पोहोचली ती खासगी महाविद्यालयांच्या लाटेबरोबर. १९८४ मध्ये तमिळनाडू सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. सास्त्रची मूळ संस्था त्याच वर्षीची. २००१ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २००३ मध्ये सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील रामानुजन यांचे घर तिने विकत घेऊन जपले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम कुंभकोणमला येऊन गेले. महाराष्ट्रात तर ही लाट एक वर्ष आधीच, १९८३ मध्ये, सुरू झाली होती. या टप्प्यावर ध्येय पुन्हा बदलले. धरणे किंवा रडार ही मागणी राहिली नव्हती. सॉफ्टवेअर कंपन्यांना प्रोग्रॅम लिहिणारे तरुण हवे होते, मग ते कोणत्याही शाखेचे असोत. विद्युत अभियांत्रिकी शिकलेला विद्यार्थी रोहित्राला हातही न लावता कोड लिहू लागला. यात गैर काही नाही. पण मग रोहित्र कशासाठी शिकावे, हा त्याचा प्रश्न रास्त ठरतो, आणि बहुतेक महाविद्यालयांकडे त्याचे उत्तर ‘परीक्षेत येते म्हणून’ एवढेच होते.

याचे खरे उत्तर कुंभकोणमच्या व्यासपीठावरच एकदा येऊन गेले. २०१७ चा रामानुजन पुरस्कार मरीना व्याझोव्हस्का यांना मिळाला. प्रश्न त्यांनी सोडवला तो असा: समान आकाराचे गोल जास्तीत जास्त दाटीने कसे रचावेत? फळवाल्याच्या ढिगाऱ्यात तीन मितींतले उत्तर दिसते. व्याझोव्हस्का यांनी २०१६ मध्ये ते आठ मितींसाठी एकटीने आणि लगेच चार सहकाऱ्यांसह चोवीस मितींसाठी सिद्ध केले. चोवीस मितींची फळे कोणी पाहिली, असे विद्यार्थी विचारील. इलेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्याने ती रोज पाहिली आहेत. दूरवरून पाठवलेला संदेश म्हणजे अनेक आकड्यांची एक रांग, म्हणजेच अनेक मितींच्या अवकाशातला एक बिंदू. वाटेत गोंगाटामुळे तो बिंदू थोडा सरकतो. प्रत्येक अधिकृत संदेशाभोवती एक गोल कल्पिला आणि गोल एकमेकांत घुसले नाहीत, तर सरकलेला बिंदू कोणत्या गोलात आहे हे पाहून मूळ संदेश ओळखता येतो. गोल जितके दाट, तितके अधिक संदेश तेवढ्याच ऊर्जेत. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये उभारलेल्या माहिती सिद्धांताचे हे भौमितिक रूप.

पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, मार्सेल गोले यांनी एक अतिशय छोटा लेख लिहून अशी एक संकेतरचना दिली जिच्या विस्तारित रूपात १२ अंशांच्या माहितीला १२ तपासणीचे अंश जोडले जातात, आणि २४ पैकी कोणतेही ३ अंश बिघडले तरी मूळ माहिती परत मिळते. गोले यांचे पहिले शिक्षण झुरिकला विद्युत अभियांत्रिकीचे, डॉक्टरेट भौतिकशास्त्रात. व्हॉयेजर यानांनी १९७९ ते १९८१ या काळात गुरू आणि शनीची रंगीत छायाचित्रे पाठवली ती याच संकेतात गुंफून. चोवीस मितींतल्या ज्या जालिकेची दाटी सर्वोत्तम असल्याचे व्याझोव्हस्का आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले, ती लीच जालिका गोले यांच्या संकेतातून बांधता येते. आणि सिद्धतेची अवजारे कोणती, तर मॉड्युलर फॉर्म्स. त्यांतही ज्या तीन श्रेणी मध्यवर्ती आहेत, त्या रामानुजन यांनी १९१६ च्या शोधनिबंधात पी, क्यू आणि आर या अक्षरांनी हाताळलेल्या. एफ.ए. नापास मुलाच्या वह्यांतले गणित, विद्युत अभियंत्याचा संकेत आणि गुरूचे छायाचित्र एका रेषेत येतात, हा काव्यात्म योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नाही. रामानुजन यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या त्रिकोणमितीय बेरजा घेऊन कॅलटेकचे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक पी. पी. वैद्यनाथन यांनी २०१४ पासून संकेतांमधली दडलेली आवर्तने शोधण्याच्या पद्धती बांधल्या. वैद्यनाथन यांची पहिली पदवी कोलकात्याची, विषय भौतिकशास्त्र. ज्याच्याकडे रेषीय बीजगणित आणि फूरिए विश्लेषण पक्के असते, त्याला शंभर वर्षांपूर्वीचा संख्या सिद्धांत आज उचलून वापरता येतो. एका प्रोग्रॅमिंग भाषेचे प्रावीण्य दहा वर्षे पुरत नाही, हे तर सगळेच पाहत आहेत.

या पार्श्वभूमीवर अलीकडचे निर्णय पाहावेत. जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य झाला. १९८९ मध्ये सहा देशांनी केलेल्या या करारान्वये सदस्य देश परस्परांच्या अभियांत्रिकी पदव्या समकक्ष मानतात. त्याचा भारतीय महाविद्यालयांवर झालेला परिणाम म्हणजे ‘फलनिष्पत्ती’ची भाषा. कोणता धडा शिकवला याऐवजी विद्यार्थ्याला काय करता येते ते सांगा, असा आग्रह. राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने १२ फलनिष्पत्ती ठरवल्या: अभियांत्रिकीचे ज्ञान, समस्येचे विश्लेषण, रचना, आधुनिक साधनांचा वापर, समाज आणि पर्यावरणाचे भान, नीती, संघकार्य, संवाद, आजन्म शिकत राहणे इत्यादी. कल्पना उत्तम. व्यवहारात मात्र कित्येक ठिकाणी प्राध्यापकांच्या संध्याकाळी प्रत्येक प्रश्नपत्रिकेतील प्रत्येक प्रश्न कोणत्या फलनिष्पत्तीशी जुळतो याचे तक्ते भरण्यात जाऊ लागल्या, आणि ‘आजन्म शिकत राहणे’ हे एक, दोन किंवा तीन या आकड्यात मोजले जाऊ लागले.

त्याहून महत्त्वाचा निर्णय २०१८ चा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने आदर्श अभ्यासक्रम काढून चार वर्षांची एकूण क्रेडिट सुमारे २२० वरून १६० वर आणली. त्यांची वाटणी अशी: मानव्यविद्या व व्यवस्थापन १२, मूलभूत विज्ञान २५, अभियांत्रिकी विज्ञान २४, शाखेचा गाभा ४८, शाखेतील ऐच्छिक विषय १८, खुले ऐच्छिक विषय १८, प्रकल्प व इंटर्नशिप १५. या तक्त्यात एफ.ए.च्या काळाच्या तुलनेत एक मूलभूत बदल आहे. १६० पैकी ३६ क्रेडिट विद्यार्थ्याच्या निवडीवर सोडलेली आहेत, आणि त्यांतली निम्मी तर शाखेच्या कुंपणाबाहेरची. विद्युत अभियांत्रिकीचा विद्यार्थी त्यात संख्या सिद्धांत घेऊ शकतो, संगणकाचा विद्यार्थी अर्धवाहकांचे भौतिकशास्त्र. कागदावर ही रामानुजन यांच्यासारख्या विद्यार्थ्यासाठी उघडलेली खिडकी आहे. पण खुला ऐच्छिक विषय शिकवायला कोणीतरी लागते. ज्या महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक फक्त पहिल्या वर्षाच्या तासांपुरते नेमलेले असतात, तेथे ‘खुले’ या शब्दाचा अर्थ विभागप्रमुखाने नेमून दिलेला एकच विषय असा होतो.

मूलभूत विज्ञानाच्या २५ क्रेडिटांवरही दुसऱ्या बाजूने दाब आहे. मार्च २०२१ मध्ये परिषदेच्या नव्या हस्तपुस्तिकेत अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीला १४ विषयांपैकी कोणतेही तीन चालतील, अशी तरतूद दिसली, आणि भौतिकशास्त्र व गणिताविना विद्युत अभियंता कसा होणार, म्हणून देशभर वादळ उठले. परिषदेचे स्पष्टीकरण असे होते की राज्यांवर सक्ती नाही आणि मागे पडणाऱ्यांसाठी पूरक अभ्यासक्रम असेल. पुढच्या वर्षी ही सवलत वास्तुशास्त्र, फॅशन आणि पॅकेजिंग अशा मोजक्या शाखांपुरती उरली. टीका करणाऱ्यांचे म्हणणे गणिताच्या बाबतीत बरोबरच होते. तथापि त्या गदारोळात एक बाजू ऐकूच आली नाही: ज्याने बारावीला गणित घेतले नाही, त्याला पुढे कधीच दार उघडू नये का? एफ.ए.च्या परीक्षेनेही नेमके हेच केले होते, फक्त विषय उलटा होता. गणित प्रवेशाच्या वेळी असावे यापेक्षा ते चार वर्षांत खरोखर शिकवले जावे, यावर वाद झाला असता तर अधिक उपयोग होता.

त्याच वर्षी, २०२१ मध्ये, परिषदेने मराठी, तमिळ, हिंदी, तेलुगू आणि बंगाली या भाषांत बी.टेक. शिकवण्यास काही महाविद्यालयांना परवानगी दिली. पिंपरी-चिंचवड येथे संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू झाली. ही कल्पनाही नवी नाही. राजा सर टी. माधवराव हे १८२८ मध्ये कुंभकोणमलाच तंजावरी मराठी कुटुंबात जन्मलेले आणि मद्रासला पॉवेल यांच्याकडे गणित शिकलेले. त्रावणकोर आणि इंदूरनंतर बडोद्याचे दिवाण असताना सयाजीरावांचे राज्यकारभाराचे शिक्षण त्यांच्याकडे होते. त्याच सयाजीरावांनी १८९० मध्ये टी. के. गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन काढले आणि रंगकाम, यंत्रकाम हे मातृभाषेतून शिकवण्याचा प्रयोग केला. परिभाषेचे कोश तयार करण्याचे अर्धे कष्ट तेव्हाही भाषेवर नव्हे, तर तो विषय स्वतः समजावून घेण्यावर खर्च झाले असतील. रोहित्र म्हणा की ट्रान्सफॉर्मर, फॅरडेचा नियम ज्याला कळला त्यालाच त्याचे नाव ठेवता येते.

आणि २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या महाविद्यालयांच्या प्रवेशसंख्येवरील कमाल मर्यादा उठली. मोठ्या खासगी महाविद्यालयांनी संगणकाच्या जागा वाढवल्या. अनेक ठिकाणी विद्युत आणि यंत्र अभियांत्रिकीच्या तुकड्या आकसल्या. सौरऊर्जा, विद्युत वाहने आणि अर्धवाहक कारखाने यांच्यासाठी माणसे हवीत, असे एकीकडे सांगितले जात असतानाच हे घडते आहे. १९३० मध्ये धरणामागून पदवी आली होती. या वेळी धरण बांधून होईपर्यंत पदवी शिकवणारे विभागच उरतील की नाही, ही शंका आहे.

रामानुजन यांना मार्च १९१६ मध्ये केंब्रिजने बी.ए. दिली. ती संशोधनाच्या आधारे दिली जाणारी पदवी होती. अतिसंयुक्त संख्यांवरील त्यांचा दीर्घ निबंध त्यासाठी स्वीकारला गेला, आणि शरीरक्रियाशास्त्राचा पेपर कोणी मागितला नाही. कुंभकोणमच्या आवारातला तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आज ऐच्छिक विषयांचा अर्ज भरतो, तेव्हा त्याच्यासमोर ३६ क्रेडिटांच्या रिकाम्या ओळी असतात. त्यांत कोणते विषय दिसतील, हे त्या वर्षी कोणते प्राध्यापक नेमले गेले यावर ठरते.